लाकडी हस्तकला ओळखायची कशी? सुरुवात सावंतवाडीपासून

हस्तकलेच्या प्रदर्शनात लाकडी वस्तूंच्या गाळ्यासमोर उभं राहिलं की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, 'हे खरंच हातानं केलंय का?' विक्रेता 'हो' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तिथून पुढे बरंच विचारण्यासारखं असतं. ही वस्तू कुठल्या गावची, कुठल्या लाकडाची, कुठल्या पद्धतीची आणि शेवटी, कोणाच्या हातची? यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं वस्तूच देते, फक्त ती कुठे बघायची ते माहीत हवं. चौथ्याचं उत्तर माणसाकडूनच मिळतं. ते वेळेवर विचारलं नाही तर कायमचं हरवतं.

हा लेख अगदी नव्यानं आवड लागलेल्यांसाठी आहे. पाया सावंतवाडीच्या कामाचा घेतला आहे, कारण ते आपल्याला जवळचं आहे, बघायला सहज मिळतं आणि एकदा ते नीट कळलं की चन्नपट्टण, कोंडापल्ली, निर्मल या दक्षिणेतल्या ठिकाणांचं काम वेगळं कुठे पडतं ते आपोआप दिसायला लागतं.

आधी उलटं करा

वस्तू हातात घेतल्यावर रंगाकडे बघू नका. रंग हा शेवटचा थर असतो आणि फसवायलाही तोच सर्वात सोपा. वस्तू उलटी करा. बूड, पाठ, आतली बाजू, देठाची खोबण अशा ठिकाणी कारागिरानं सजावट केलेली नसते, त्यामुळे लाकूड आणि हत्यार दोन्ही तिथे उघडी पडतात.

सावंतवाडीचं एखादं सीताफळ घ्या. वरून ते हिरवं, डोळ्याडोळ्यांचं, अगदी खाण्याजोगं दिसतं. आता बोटानं डोळ्यांच्या मधल्या खाचा चाचपा. हातानं कोरलेल्या फळात एकही डोळा दुसऱ्यासारखा नसतो. देठाजवळचे डोळे लहान आणि दाटीवाटीनं, पोटाजवळचे मोठे, आणि एखाद्या ओळीत जागा कमी पडली म्हणून एक डोळा तिरपा सरकवलेला. खाचेच्या तळाशी नखाला बारीक कंगोरा लागतो. पटाशीचा एक घाव संपून दुसरा सुरू झाल्याची ती खूण. बुडाला रंग पातळ असतो आणि कित्येकदा तिथे लाकडाचे रेषे स्पष्ट दिसतात. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या फळाला हे काही नसतं. त्याला बहुधा दोन्ही बाजूंनी फिरणारी एक बारीक शिवण असते, खाचा गुळगुळीत असतात आणि शेजारचं सीताफळ उचललं तर तिरपा डोळा नेमका त्याच जागी सापडतो.

एका वस्तूवरून निष्कर्ष काढू नका, हा पहिला नियम. त्याच प्रकारच्या दोन-तीन वस्तू मागून शेजारी ठेवा. हाताच्या कामात साम्य असतं, पण नक्कल नसते.

लाकूड कुठलं?

वजनावरून निम्मं काम होतं. सावंतवाडीच्या फळांसाठी आणि खेळण्यांसाठी पारंपरिक लाकूड पांगाऱ्याचं. कोकणात कुंपणाला लावलेला, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलणारा हाच पांगारा. त्याचं लाकूड फिकं, सच्छिद्र आणि हलकं असतं. कोरायला मऊ, पण किडीलाही आवडणारं. पाट, चौरंग, देवघर अशा वापराच्या वस्तूंना आंबा, फणस, शिवण किंवा साग लागतो आणि तिथे वजनातला फरक हाताला लगेच कळतो.

कोंडापल्ली हे आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथलं लाकूड 'तेल्ल पोणिकी', आसपासच्या डोंगरांतलं, पांगाऱ्यासारखंच मऊ आणि हलकं. तेलंगणातल्या निर्मलची खेळणीही पोणिकीचीच. म्हणजे वजनावरून सावंतवाडी आणि कोंडापल्ली वेगळी करता येणार नाहीत. त्यासाठी सांधे बघावे लागतील, त्याकडे पुढे येतोच.

चन्नपट्टणचं लाकूड मात्र वेगळं. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या या गावात काळ्या कुड्याच्या जातीचं, हस्तिदंती रंगाचं, बारीक पोताचं लाकूड वापरतात. आंध्रातल्या एटिकोप्पाकातही तेच झाड, तिथे त्याला 'अंकुडु' म्हणतात. घट्ट पोतामुळे ते यंत्रावर फिरवलं तरी तंतू उचकटत नाहीत. पोणिकी असं फिरवायला गेलात तर पृष्ठभाग खरबरीत होईल. लाकूड आणि पद्धत यांचं असं नातं असतं आणि ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

एक सावधगिरी. 'सागवानी आहे' हे वाक्य दुकानात फार स्वस्त झालं आहे. रंगवलेल्या वस्तूला साग लावायचं कारण फारसं नसतं, आणि लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाला तर रेषेच नसतात. बुडाशी रेषे दिसत नसतील, कडा कार्डबोर्डसारखी फुगलेली असेल, तर ते लाकूडच नाही.

कोरीव की कातीव?

हा फरक नवख्यांनी सर्वात आधी पक्का करावा. कोरीव वस्तू पटाशी, वाकस, सुरी, कानस यांनी घडते. कातीव वस्तू यंत्रावर गरगर फिरत असताना हत्यार टेकवून घडते. पूर्वी हे यंत्र दोरीनं, हातानं फिरवत, आता बहुतेक ठिकाणी विजेचा लेथ असतो.

कातीव वस्तू कुठूनही आडवी कापली तर काप गोलच निघेल. भोवरा, लाटणं, पाळण्याचे खांब, भातुकलीतली भांडी, चन्नपट्टणच्या गोलमटोल बाहुल्या ही सगळी कातीव. बुडाच्या मध्यभागी यंत्राच्या टोकाचा ठिपका किंवा तोडल्याची बारीक गाठ राहते. कोरीव वस्तूत गोलाई असली तरी ती थोडी डळमळीत असते. टेबलावर घरंगळवून बघा, ती सरळ जात नाही.

लाखेचं काम कातकामाबरोबर येतं. वस्तू फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी तिच्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या जातीच्या सुक्या पानानं घासून तिला झळाळी आणतात. त्यामुळे लाखेच्या रंगात कुंचल्याचा फटकारा कधीच नसतो. रंगाचे पट्टे वस्तूभोवती गोल फिरलेले असतात, दोन रंगांची हद्द धारदार असते आणि उजेडात तिरपं धरलं की अतिसूक्ष्म वर्तुळाकार रेषा चमकतात. असाच चकचकीत ऑइलपेंट लावलेली वस्तू कडेला ओघळ दाखवते.

लेथचं काम दिसलं म्हणजे लगेच चन्नपट्टण म्हणू नका. सावंतवाडीत आणि गोव्यातल्या कुंकळ्ळीत चितारी कारागिरांनी लाखेचं कातकाम पिढ्यान् पिढ्या केलं आहे. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका यांच्यातला फरक तर आणखी अवघड. लाकूड एक, पद्धत एक. एटिकोप्पाकात वनस्पतिजन्य रंगांचं पुनरुज्जीवन झालं. त्या कामासाठी सी. व्ही. राजू यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामुळे तिथले रंग पुष्कळदा मवाळ, मातकट छटांचे असतात. पण चन्नपट्टणलाही असे रंग वापरणारे आहेत. अशा वेळी 'दक्षिणेचं लाखकाम' एवढंच म्हणून थांबणं शहाणपणाचं. खात्री नसताना गावाचं नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्रांचाही आता सुळसुळाट आहे. देवघराच्या महिरपी, गणपतीच्या पाट्या, दरवाजांवरची नक्षी यांत ती सर्रास वापरली जातात. ओळखायला आतल्या कोपऱ्यांकडे बघा. फिरत्या पात्याला टोकदार आतला कोपरा काढता येत नाही, तो किंचित गोल राहतो. सपाट पार्श्वभूमीवर शेतातल्या तासांसारख्या समांतर बारीक रेघा दिसतात. यंत्राचं काम म्हणून ते वाईट असं मी म्हणणार नाही, पण हातकामाच्या भावानं ते विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि महिनाभर एका पाटावर बसणाऱ्या कारागिराच्या पोटावर पाय आहे.

सांधा कुठे आहे?

कोंडापल्लीची ओळख इथे पटते. तिथे बाहुलीचं धड, हात, डोकं, डोक्यावरची घागर हे सगळं वेगवेगळं कोरतात आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानं जोडतात. हाच लगदा नाक, दागिने, पदराचा घोळ उठवायलाही वापरतात. मग चुन्याचा पांढरा हात आणि त्यावर रंग. म्हणून जुन्या कोंडापल्ली बाहुलीचा टवका उडाला की आधी पांढरा थर दिसतो, त्याखाली फिकं लाकूड. खांद्याशी बारीक भेग असते. अंबारीचा हत्ती, ताडावर चढलेला माणूस, दशावतार, बैलगाडी, गावातली कामं करणाऱ्या बायका हे विषय आणि एका पातळ फळीवर उभी केलेली मंडळी दिसली की कोंडापल्लीचा अंदाज बळावतो. कारागीर बहुतांश आर्यक्षत्रिय समाजाचे आहेत आणि आपले पूर्वज राजस्थानातून आल्याचं ते सांगतात.

नांदेडकरांना निर्मल जवळचं. तिथले प्राणी, पक्षी, फळं हुबेहूब असण्याकडे झुकतात. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला, सांधा लपवलेला, रंग तुकतुकीत. लाकडी तबकं आणि पट्ट्यांवरचं सोनेरी चित्रकाम हेही निर्मलचंच. सावंतवाडीचं केळं आणि निर्मलचं केळं शेजारी ठेवून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. एका दुपारीत जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातलं किन्नाळ थोडं वेगळं. तिथले चित्रगार समाजाचे कारागीर तुकडे जोडून त्यावर गोणपाटाच्या चिंध्या डिंकात बसवतात, वर बारीक भुकटीचा लेप देतात आणि मग रंगवतात. तिथे लाकडाचे रेषे सहसा दिसतच नाहीत. याउलट बंगालच्या बर्धमानकडचं नतूनग्राम. तिथल्या सूत्रधार, म्हणजे सुतार, समाजाची घुबडं आणि राजा-राणी एकाच ओंडक्यातून निघतात, सांधा नाहीच. जोडलेला हात म्हणजे कनिष्ठ आणि अखंड म्हणजे श्रेष्ठ असं समजू नका. प्रत्येक गावानं आपल्या लाकडाला साजेशी रीत काढली आहे.

वापरलेली वस्तू आणि विकायला केलेली वस्तू

लोककलेतली निम्मी लाकडी कामं शोभेसाठी नव्हतीच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचा कळसूत्री बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याचा, वारसा आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांनी गावातच संग्रहालय उभं केलं आहे. खेळात वापरलेल्या बाहुलीला दोऱ्याची भोकं झिजून लांबट झालेली असतात, कोपराचा सांधा सैल झालेला असतो, चेहऱ्यावर रंगाचे एकावर एक थर असतात. दिवाणखान्यासाठी केलेल्या बाहुलीला हे नसतं, आणि नसावंही. ती शोभेसाठीच केली आहे असं सांगून विकली, तर घ्यायला हरकत काय?

जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे बघताना आतली बाजू महत्त्वाची. नाचलेल्या मुखवट्याच्या कपाळाशी घामानं काळवंडलेला पट्टा असतो, दोरीच्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत होतात, हनुवटीजवळ कापडाचा घट्टा पडतो. काही मुखवटे लाकडाचे, काही कागदाच्या लगद्याचे. अनेक गावांत अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे असतो. तेव्हा 'खरा, वापरलेला' मुखवटा कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर आनंदून जाण्याआधी तो त्यांच्या हातात कसा आला ते विचारा. मी स्वतः असा मुखवटा विकत घेणार नाही. बघायचा असेल तर बोहाड्याला जाईन.

जुनेपणाची सोंगंही बाजारात पुष्कळ आहेत. धुरी देऊन, चहाचं पाणी लावून, तारेच्या ब्रशनं घासून नवी वस्तू आजोबांच्या काळातली करता येते. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते: मुठीवर, कडीजवळ, उंबरठ्याच्या मधोमध. सगळीकडे सारखी झीज म्हणजे ती केलेली झीज. किडीची खरी भोकं वाकडीतिकडी आत जातात, ड्रिलची सरळ. भोकातून ताजी पिवळट भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. तशी वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ ठेवू नका.

वाड्यांचं सागवानी काम, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, केळफुलं, दारावरच्या गणेशपट्ट्या, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले दरवाजे आणि खिडक्या बघून सुरुवात करा. एवढं मात्र लक्षात असू द्या की 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरतात, त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रीला परवाना लागतो. परदेशातल्या घरासाठी जुनी गणेशपट्टी न्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. नव्या लाकडी वस्तूही ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरताना जाहीर कराव्या लागतात.

हात कोणाचा?

आता सर्वात अवघड भाग. आपल्याकडचे लोककारागीर वस्तूवर सहसा सही करत नाहीत. भौगोलिक मानांकन कोंडापल्ली, चन्नपट्टण, निर्मल, एटिकोप्पाका यांना मिळालेलं आहे, सावंतवाडीच्या गंजिफेला, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांनाही मिळालं आहे, पण ते गावाची हमी देतं, हाताची नाही. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं 'पहचान' कार्ड कारागिराकडे असतं. समोरचा माणूस कारागीर आहे हे त्यावरून कळतं, समोरची वस्तू त्यानं केली का ते नाही.

तरीही हात ओळखता येतो. त्यासाठी कारागीर जे विचार न करता करतो ते बघायचं: प्राण्याच्या कानाची आतली खाच, खुरांची फट, बाहुलीच्या पापणीची रेघ कुठे जाड होते, अंगठा बोटांपासून किती दूर असतो, फळाचा देठ कसा रोवला आहे. चेहरा आणि पोशाख गिऱ्हाइकासाठी बदलतात, पण कान वर्षानुवर्षं तसाच निघतो. पाश्चात्त्य चित्रांबाबत एकोणिसाव्या शतकात इटालियन कलासमीक्षक जोव्हानी मोरेल्ली यांनी हेच सुचवलं होतं, कान आणि नखं बघा. एकाच घरातल्या पाच-सात वस्तूंचे कान आणि खूर फोनवर जवळून टिपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला ते उपयोगी पडतात.

यात एक गुंतागुंत आहे. बऱ्याच घरांत कोरणारा एक आणि रंगवणारी दुसरी असते. रंगकाम घरातल्या बायकांचं असतं आणि वस्तू पुरुषाच्या नावानं विकली जाते. तेव्हा 'कोणी केलं?' असं न विचारता 'कोरलं कोणी आणि रंगवलं कोणी?' असं विचारा. उत्तरात दोन नावं येतील आणि दुसरं नाव सांगताना आतल्या खोलीकडे हाक जाईल.

सावंतवाडीच्या गंजिफेची गोष्ट इथे आठवते. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते हातानं रंगवण्याची ही कला विझत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात काम सुरू केलं. आज तिथे कारागिरांना रंगवताना बघता येतं. पुंडलिक चितारी हे नाव आपल्याला माहीत आहे ते कोणीतरी विचारलं आणि लिहून ठेवलं म्हणून. त्यांच्याच आळीत त्यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर ज्यांनी पाट रंगवले, पांगुळगाडे केले, त्यांतली कितीतरी नावं आपल्याकडे नाहीत. वस्तू मात्र घराघरांत आहेत.

जाताना काय करायचं

शक्य असेल तर सुट्टीची गर्दी टाळून जा आणि थेट काम चालू असलेल्या ठिकाणी जा. भाव करण्याआधी काम बघू द्या म्हणावं. बहुतेक कारागीर आनंदानं दाखवतात. 'काका, हे लाकूड कुठलं? किती दिवस वाळवता?' एवढ्या दोन प्रश्नांवर गप्पा सुरू होतात. जो विक्रेता लाकडाचं नाव सांगू शकत नाही तो कोरणारा नाही हे समजून घ्या. तो वाईट माणूस आहे असं नाही, फक्त त्याच्याकडून नाव मिळणार नाही.

अपुरी, न रंगवलेली वस्तू विकत मागा. कच्चं केळं, अर्धं कोरलेलं वांगं. सुरुवातीच्या संग्रहात अशी एक वस्तू दहा सुबक वस्तूंपेक्षा जास्त शिकवते, कारण हत्याराची प्रत्येक खूण तिच्यावर उघडी असते. पैसे मात्र पूर्ण वस्तूचे द्या.

घरी आल्यावर लाखेच्या वस्तू उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, लाख मऊ पडते. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसू नका. चुन्यावर रंगवलेल्या बाहुल्यांना ओलं फडकं लावू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे.

आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. कोरणाऱ्याचं नाव, रंगवणाऱ्याचं नाव, गाव आणि आळी, लाकूड, तारीख, कोणाकडून घेतलं आणि त्यांनी त्या वस्तूला कुठल्या नावानं हाक मारली ते. नावं त्यांच्याकडूनच तपासून घ्या. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई दमट हवेत पसरते. वस्तूला चिकटपट्टीनं लावू नका, काढताना रंग आणि लाख उचलली जाते. सुती दोऱ्यानं बुडाशी सैल बांधा किंवा वस्तूच्या डब्यात ठेवा, आणि वस्तू कोणाला भेट दिलीत तर चिठ्ठीही सोबत द्या.